पाळण्यातला वरवंटा

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. ते बिनबोलावता येऊन बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. आमचं प्रदर्शन संपून बरेच दिवस झाले, तरी अंबाजोगाईच्या स्टँडसमोर चहाला चार डोकी जमली की कुणीतरी म्हणतंच, "सर, ते टोपी-टॉवेलचं होऊ द्या!" आता माझीच फजिती मीच किती वेळा सांगायची? पण सांगतो. न सांगून जातो कुठं!

आधी माणसं सांगतो, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा.

छाया माझी विद्यार्थिनी. मी चित्रकलेचा मास्तर, तेव्हा घाटनांदूरच्या शाळेत होतो. निसर्गचित्र काढा म्हटलं की सगळी पोरं दोन डोंगर आणि मधे सूर्य काढून मोकळी व्हायची. ही पोरगी पवनचक्की काढायची आणि पाती वेगळी कापून टाचणीनं अशी लावायची की फुंकर मारली की फिरली पाहिजेत! पुढे संभाजीनगरला आर्ट कॉलेजात शिकली, परत आली आणि भंगारातून हलती शिल्पं करायला लागली. म्हणजे शिल्पच, पण गप उभं न राहणारं. कुठलं फिरतंय, कुठलं डोलतंय, कुठलं झुलतंय. कॉलेजवाले त्याला 'कायनेटिक आर्ट' म्हणतात. आमच्या गावानं सरळ 'हलतं प्रदर्शन' म्हणून टाकलं.

गॅलरी आमच्याकडे कुठली? एक मंगल कार्यालय घेतलं. आषाढात मुहूर्त नसतात. मालक म्हणाला, "तसंबी रिकामंच पडलंय, घ्या."

टीम चौघांची. छाया, मी, मोटारी वाइंडिंग करणारे सलीमभाई, आणि दारावर भुजंगमामा. मामा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. हॉलची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

आणि एक माणूस जे टीममधे नव्हतं. छायाची आई, शेवंतामावशी. त्यांचं आणि लेकीचं पहिल्याच दिवशी वाजलं.

झालं असं, की प्रदर्शनातलं मुख्य काम म्हणजे एक पाळणा. छायाचा स्वतःचा, लहानपणीचा. घाटनांदूरच्या घरात माळ्यावर पडून होता. तिनं भावाला सांगून तो गुपचूप उतरवून आणला. सलीमभाईंनी त्याला मोटार आणि सेन्सर लावला. कुणी जवळ गेलं की पाळणा आपोआप हलायला लागायचा, माणूस लांब गेलं की थांबायचा. आत कुणी नाही. बस, एवढंच ते शिल्प.

मावशींना कळलं आणि फोन आला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी आम्हाला अख्खा ऐकू आला.

"रिकामा पाळणा हलवत न्हाईत, येवढं बी कळंना का तुला? लेकराचं पोट दुखतं!"

छाया म्हणाली, "आई, त्यातलं लेकरू मीच होते. माझं पोट ठणठणीत आहे!"

"तोंड चालवू नको! हात थांबला की टाहो फोडायचीस तू. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून भाकरी थापल्यात म्या! पर रिकामा एक दिस हलवला न्हाई त्यो. आन् तू जगाला दाखवाया निघालीस? मी न्हाई यायची असलं बघाया!"

फोन कट.

छायानं फोन ठेवला आणि पुन्हा कामाला लागली. पण त्या दिवसापासून दारात चप्पल वाजली की आधी हिची मान वळायची. पुढारी येवोत, पत्रकार येवोत, हिला एकच माणूस पाहिजे होतं. मला ते बघवायचं नाही, खरं सांगतो. मी उगीचच सलीमभाईंवर खेकसायचो.

* * *

निमंत्रणपत्रिका छापायला दिली ती बसस्टँडमागच्या प्रेसवाल्याकडे. त्याचा सगळा जन्म लग्नपत्रिकांत गेलेला. मी मजकूर लिहून दिला आणि बजावलं, "यात एक अक्षर बदलायचं नाही."

त्यानं बदललं नाही. पण खाली जागा उरली होती. ती रिकामी बरी दिसत नाही म्हणून त्यानं आपल्या मनानं फुलाफुलांच्या चौकटीत छापलं, "आमच्या ताईच्या प्रदर्शनाला यायचं हं!" आणि त्याखाली स्वतःच्या तीन पोरांची नावं!

मी प्रेसमधे जाऊन टेबलावर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, "सर, त्याचे पैसे न्हाई लावले."

पत्रिका तशाच वाटल्या. पहिल्या दिवशी केजकडून एक म्हातारबाबा आले. स्वच्छ धोतर, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. पत्रिका बघितलेली, मंगल कार्यालय समोर, त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. मी छायाशेजारी उभा होतो. बाबा सरळ माझ्याकडे आले, कागद सोडला, माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि छायाला म्हणाले, "सुखाचा संसार करा."

मी म्हटलं, "अहो बाबा, मी तिचा मास्तर आहे!"

बाबांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग छायाच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "वय जरा जास्तीच दिसतंय. पर नोकरी हाय ना? मग असू दे."

हा किस्सा माझ्या आधी माझ्या घरी पोचला. बायको आठवडाभर मला 'नवरदेव' म्हणत होती.

* * *

उद्घाटनाला एक पुढारी. नाव कशाला घ्यायचं, माणूस चांगला आहे. ते आले आणि नेमकी लाइट गेली. झालं! सगळी शिल्पं जिथल्या तिथं उभी. रसवंतीचा घुंगरं बांधलेला चरक थांबलेला, काचेवरचे वायपर आडवे पडलेले, पाळणा गप्प.

छाया रडकुंडीला आली. "सर, थोडं थांबायला सांगा ना त्यांना."

पण साहेबांना पुढे तेराव्याला जायचं होतं. फीत कापली आणि माइकशिवायच भाषण सुरू केलं. पाळण्याला पाठ टेकल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "मी लई ठिकाणी फिरलो, पण इतके शांत पुतळे कुठं बघितले नाहीत! आज जो तो पळतोय. एका जागी गप कसं उभं राहावं, हे या ताईंनी आपल्याला शिकवलंय!"

टाळ्या! छाया माझ्याकडे बघतेय, मी जमिनीकडे.

साहेबांना आणखी चढलं. "असा एक पुतळा मी आपल्या चौकात..." आणि लाइट आली.

घुंगरं खणाणली, वायपर सटासट सुरू झाले, आणि साहेब पाळण्याच्या सगळ्यात जवळ असल्यामुळे पाळणा हलला तो थेट त्यांच्या कमरेत. साहेब हारासकट दोन हात पुढे! मागे वळून बघतात तर आत कुणी नाही आणि पाळणा चाललाय.

साहेब खालच्या आवाजात पीएला म्हणाले, "गाडी काढ बे."

* * *

भुजंगमामांचं काय सांगू! प्रवेश फुकट होता. तरी मामांनी उरलेल्या पत्रिका कापून तिकिटं केली आणि घरातला जुना पंच आणून त्यांना भोकं पाडायला लागले.

"मामा, फुकट आहे ना? तिकीट कशाला?"

"फुकट असलं म्हनून काय झालं, सर? तिकिटाबिगर आत गेला त्यो विदाउट!"

पोरांना हाफ. म्हाताऱ्या माणसांना हाफ. मी एकदा विचारलं, "फुकटाचं हाफ किती होतं हो?"

"ते गणिताच्या मास्तरला इचारा," मामा म्हणाले, "तुमी चित्रं काढा."

दारात लोक घुटमळले की मामा आतून ओरडायचे, "पुढं सरका, पुढं सरका! आत लई जागा हाय!" आणि सकाळी दहा वाजले की टिंग टिंग, डबल बेल मारून मेन स्विच चालू. दहा म्हणजे दहा. आधी नाही, नंतर नाही. एकदा एका अधिकाऱ्याची बायको साडेनऊला आली, तर तिला बाहेर बाकावर बसवलं. "गाडी अजून लागली न्हाई, बाई."

एके दिवशी दहा वाजता हॉलमधे चिटपाखरू नव्हतं. मामांनी बेल मारली, स्विच टाकला, सगळं फिरायला लागलं. माझं डोकं सटकलं. "मामा, कुणी नाही ना आत! कशाला लाइट जाळता?"

मामा पट्ट्यात अंगठे खोचून म्हणाले, "सर, रिकामी जाईल, पर टायमावर जाईल!"

छायाला ते वाक्य इतकं आवडलं की तिनं ते पुठ्ठ्यावर रंगवून दारात लावलं. प्रदर्शनाला नाव सुचत नव्हतं, ते असं सुचलं.

* * *

रसवंतीच्या चरकासमोर रोज एकतरी माणूस बसून राहायचा. आम्ही समजायचो, शिल्प बघतोय, बघू द्या. एकदा माजलगावकडचा एक गडी बराच वेळ मांडी घालून बसला. इतका तल्लीन प्रेक्षक मी आयुष्यात बघितला नव्हता. छायालाही बरं वाटलं. ती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "काका, काही विचारायचंय का?"

"न्हाई," तो म्हणाला. "दोन हाफ सांगितलेत मघाशी. बर्फ कमी."

* * *

सलीमभाईंचं दुःख वेगळंच. मोटारी त्यांनीच दिलेल्या, त्यांनीच बसवलेल्या. पण त्या नुसत्या फिरतात, काही उचलत नाहीत, काही दळत नाहीत, हे त्यांच्या जिवाला लागायचं.

"ताई, ही मोटार पाच परस खोल विहिरीतलं पाणी उचलती. तिच्याकडून कायकू वायपर हलवून घेता? गुन्हा काय तिचा?"

छाया समजवायची, "सलीमभाई, गती हेच काम आहे इथं. शक्ती डोळ्याला दिसावी म्हणून."

"दिसू द्या ना! पाणी पण दिसतंच की."

एका दुपारी छाया जेवायला गेली तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यात दोन टाक्या मांडल्या. एक खाली, एक वर. मधे छोटा पंप. खालचं पाणी वर जायचं आणि वरून धार धरून खाली पडायचं. बस. छाया आली, बघितलं, हसली, म्हणाली, "राहू द्या. याचं नाव 'सलीमभाई'."

आणि काय सांगू तुम्हाला! दुसऱ्या दिवसापासून सगळी गर्दी तिथं. आमच्या जिल्ह्यात पाण्याची धार दिसली की माणूस थांबतोच. एक शेतकरी दुपारभर उकिडवा बसला होता.

मी विचारलं, "काय बघताय हो?"

"काई न्हाई. पडतंय, ते बघतोय."

मीही शेजारी उकिडवा बसलो. तोवर बातमी शेजारच्या गल्लीत गेली आणि संध्याकाळी बायका घागरी घेऊन हजर! "नळ किती वाजता सुटतो? टाइम सांगा, म्हंजे नंबर लावून ठिवतो."

त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. सलीमभाई मात्र खुर्ची टाकून बसलेले, मिशीला पीळ देत. मला म्हणाले, "सर, ताईच्या शिल्पापुढं लोक फोटो काढतात. माझ्या शिल्पापुढं घागरी लावतात!"

* * *

आता पाळण्याकडे येऊ.

गड्यांना त्याचं काही वाटायचं नाही. 'आपोआप हलतंय, च्यायला भारी हाय,' म्हणून पुढं जायचे. पण बायकांना तो रिकामा हललेला सहनच व्हायचा नाही. एकीनं त्यात आपली पर्स ठेवली. दुसरीनं शेपूची जुडी. एकीला काही सापडेना तर तिनं नवऱ्याच्या हातातलं हेल्मेट हिसकून ठेवलं आणि मग निवांत पुढं गेली. आम्ही दिवसभर पाळण्यातून बाजार उपसत होतो.

शेवटी छायानं पाटी लावली, 'पाळणा रिकामाच पाहावा, ही विनंती.'

एका आजीबाईंना नातीनं ती वाचून दाखवली. आजी म्हणाल्या, "रिकामाच बघायचा तर हलवता कशाला? आन् हलवायचा तर रिकामा कशाला?"

छाया माझ्याकडे बघायला लागली. मी पुढं झालो. मला कुठं गप बसवतं! "आजी, जे नाही त्याचीही एक हालचाल असते. त्या नसलेल्या बाळाचा..."

"मास्तर, लेकरं किती तुमाला?"

"दोन."

"पाळणा कुनी हलवला?"

"...बायकोनं."

"म्हनून!" आजी म्हणाल्या आणि नातीचा हात धरून घागरीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते सुरू झालं. सकाळी आम्ही आलो तर पाळण्यात वरवंटा! बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात ना, अगदी तसा. कार्यालयाच्या स्वयंपाकघरातलाच दगड, पण धुऊन पुसून, वर टोपडं बांधून, नीट कुशीवर निजवलेला.

छाया चिडली. टोपडं सोडवून पिशवीत टाकलं, वरवंटा स्वयंपाकघरात ठेवून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाळण्यात! टोपडं नवं. कापड जुन्यातलं, पण शिवण ताजी, कडेला लाल गोट.

आता माझा संशय सलीमभाईंच्या बायकोवर, सलीमभाईंचा माझ्या बायकोवर. मामांना दोघांनी मिळून फैलावर घेतलं.

मामा ताठ उभे राहिले. "तिकिटाबिगर कुनी आत गेलं आसंल तर भुजंग नाव लावणार न्हाई!"

मी म्हटलं, थांबा, याचा बंदोबस्तच करतो. संध्याकाळी वरवंटा कपाटात घातला आणि कुलूप लावून किल्ली घरी घेऊन गेलो. सकाळी छाती पुढं काढून हॉलमधे शिरलो. पाळण्यात बघतो तर आत वरवंटा! दुसराच. पहिल्यापेक्षा चांगला दीडपट मोठा, काळाभोर, वर निळं टोपडं.

मी डोक्याला हात लावला. सलीमभाई पाळण्यात वाकून म्हणाले, "सर, लेकरू बाळसं धरायलंय!"

छाया हसली नाही. तिनं ते टोपडं सोडवून हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघत बसली. मग म्हणाली, "कपाट उघडं ठेवा सर. काढू या आपण रोज सकाळी, दहाच्या आत. ठेवणाऱ्याला ठेवू द्या."

माझ्या तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही. मास्तर असलो तरी माणूसच आहे मी.

* * *

पुण्याहून गुप्तेबाई आल्या. मोठ्या गॅलरीच्या बाई, हातमागाची साडी, गळ्यात दगडाचं काहीतरी. सगळं बघत बघत पाळण्यापाशी थांबल्या. पाळणा हलायला लागला. आत टोपडं घातलेला वरवंटा. त्या दिवशी दहा वाजायच्या आतच बाई दारात येऊन उभ्या राहिल्यामुळे तो काढायचं आमच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"या दगडाविषयी सांगा ना," बाई म्हणाल्या. "हे ओझं आहे का? की इतिहास? की स्त्रीचं मौन?"

मी घसा खाकरला. पण मामा दारातून पुढं आले.

"त्यो पाशिंजर हाय, बाई. रोज सकाळी बसतो."

"प्रवासी!" गुप्तेबाई डोळे मिटून म्हणाल्या. "वा! आयुष्याचा प्रवासी!"

मामा म्हणाले, "हाफ तिकीट."

बाईंनी जागच्या जागी सांगून टाकलं, प्रदर्शन पुण्याला न्यायचं, आणि पाळणा दगडासकट पाहिजे!

आम्ही उड्याच मारायच्या बाकी होतो. सलीमभाईंनी पेढे आणले. छायानं अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला हातात धरून दाराकडे बघत बसली. मी म्हटलं, "अगं, खूश हो की! पुणं आलं तुझ्याकडे चालत!"

"पुणं आलं सर," ती म्हणाली. "घाटनांदूर काही आलं नाही."

मग म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस. सकाळी लवकर येता का? मामांना सांगू नका."

* * *

तर तो शेवटचा दिवस.

आम्ही उजाडता उजाडता जाऊन आडोशाला उभे राहिलो. मामांनी दार उघडलं आणि झाडू आणायला मागं गेले तेवढ्यात आम्ही स्टेजवर चढलो आणि नवरा-नवरीच्या दोन मोठ्या खुर्च्या असतात ना, लाल मखमलीच्या, त्यांच्या मागं जाऊन बसलो. या वयात! माझे गुडघे बोंबलत होते. मी कुजबुजलो, "कोण सापडेल गं?" छायानं ओठांवर बोट ठेवलं.

मामा झाडत होते. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. आणि दारात, हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला, शेवंतामावशी!

मामा झाडू भिंतीला टेकवून म्हणाले, "या. तिकीट घ्या."

"द्या. हाफ."

"रोजचं हाफच हाय तुमचं," मामा म्हणाले आणि कट्ट करून पंच मारला.

मामा खोटं बोललेच नव्हते. तिकिटाबिगर कुणी आत गेलंच नव्हतं! मी छायाकडे बघितलं. तिनं ओढणी तोंडात कोंबली होती.

"करा चालू," मावशी म्हणाल्या.

आणि दहाच्या आत कुणासाठी स्विचला हात न लावणाऱ्या आमच्या मामांनी, अधिकाऱ्याच्या बायकोला बाकावर बसवणाऱ्या मामांनी, टिंग टिंग, डबल बेल मारून मेन स्विच टाकला!

मावशी एकेका कामापुढं जाऊन उभ्या राहिल्या. कुठं घाई नाही. वायपरपुढं थांबल्या. घुंगरांचा चरक बघितला. "हे जरा कुरकुरतंय, तेल द्या याला," म्हणाल्या. सलीमभाईंच्या धारेखाली बोटं धरली आणि ओली बोटं डोळ्यांना लावली. मग मामांना विचारलं, "आन् पुन्याला हे समदं जानार का?"

"समदं. बाईनं लई तारीफ केली."

"करंल न्हाई तर काय," मावशी म्हणाल्या. "लेक कुनाची हाय!"

छायानं माझं मनगट धरलं. नखं रुतली, पण मी हूं की चूं केलं नाही.

मावशी स्वयंपाकघरात गेल्या, वरवंटा घेऊन आल्या. पदरानं पुसला. पिशवीतून नवं टोपडं काढलं, बांधलं, गाठ सारखी केली. पाळण्याजवळ गेल्या तसा तो हलायला लागला. त्यांनी तो एका हातानं थांबवला, वरवंटा आत निजवला, मग हात सोडला. पाळणा हलला. मावशींनी स्टूल ओढलं, आमच्याकडे पाठ करून बसल्या आणि पाय लांब केले.

"लई गुणाचं हाय बगा हे," वरवंट्याकडे बघत मामांना म्हणाल्या. "आजिबात रडत न्हाई."

मामा हसले. आणि माझ्या शेजारी छायाचा बांध फुटला. आधी नुसता हुंदका, मग ओढणीबिढणी सोडून मोठ्यानं, लहान पोरासारखी. मामांचं हसू थांबलं. त्यांनी स्टेजकडे बघितलं, मग मावशींकडे बघितलं. माझ्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

मावशींनी मागं वळून बघितलंच नाही. त्यांनी पाळण्याला हात घातला आणि आणखी एक झोका दिला.

"पाळणा तर हालतोय की गं," त्या म्हणाल्या. "मग आता का म्हून रडतीस?"